महिनाअखेरचा ताळा पुन्हा चुकला: ग्नूकॅशमधला फरक कसा शोधायचा

लक्षण असे. महिना संपतो, बँकेच्या साइटवरून स्टेटमेंट उतरवता, ग्नूकॅश या घरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करता, रिकन्साइलची, म्हणजे वही बँकेशी ताडायची, खिडकी उघडून अखेरची शिल्लक घालता, एकेका नोंदीपुढे टिक करत खाली येता, आणि 'डिफरन्स'समोर शून्याऐवजी भलताच आकडा उभा असतो. 'फिनिश' बटण दबत नाही. नोंदी पुन्हा पाहिल्या तर सगळ्या बरोबर वाटतात. कसेबसे निस्तरता, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

माझ्या नणंदेचे चार महिने असेच गेले. आम्ही दोघी बडोद्यातच, ती मांजलपूरला, मी दांडिया बाजारात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन ठरलेला. "वहिनी, परत जुळत नाहीये. मी आपली पुन्हा त्या जुन्या ॲपवर जाते." ते जुने ॲप फोनवरचे एसएमएस वाचून खर्च आपोआप मांडायचे. सोय होतीच, नाही असे नाही. पण एसएमएस वाचायची परवानगी बँकेच्या संदेशांपुरती देता येत नाही. दिली की सगळेच संदेश आले: ओटीपी, लॅबचे रिपोर्ट, मुलाच्या शाळेचे निरोप. तिचा पगार आणि तिची औषधे कुणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन पडू नयेत, म्हणून मीच तिला ग्नूकॅश लावून दिले होते. त्यासाठी कुठे खाते उघडावे लागत नाही, सगळी वही एका फाइलमध्ये आपल्याच लॅपटॉपवर राहते, आणि हे फुकट, मुक्त सॉफ्टवेअर १९९८ पासून चालू आहे. तेव्हा तिचा ताळा जुळवून देणे माझ्याकडेच लागत होते. मे महिन्याचा ताळा आम्ही दोघींनी बसून सोडवला. त्यातून जी रीत पक्की झाली ती इथे लिहिते. तुम्ही एचलेजर किंवा ॲक्चुअल बजेट असे हिशेबाचे दुसरे सॉफ्टवेअर वापरत असाल तर बटणे वेगळी असतील, पण आकड्यांचे गणित हेच.

आधी काय करू नये ते सांगते. रिकन्साइलच्या खिडकीत 'बॅलन्स' नावाचे बटण आहे. ते दाबले की फरकाइतकी एक नोंद तयार होते आणि ताळा जुळल्यासारखा दिसतो. नणंदेने फेब्रुवारी आणि मार्चमध्ये हेच केले होते. अशी नोंद घातली की खरी चूक जिथल्या तिथे राहते, वर आणखी एक खोटी नोंद बसते, आणि तीन महिन्यांनी कुठली खरी, कुठली भर घातलेली, हे आठवत नाही. तुम्हीही ते बटण दाबले असेल तर त्या नोंदी शोधून आधी काढून टाका. फरक मोठा दिसेल, दिसू द्या.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करते. 'इम्बॅलन्स-आयएनआर' नावाच्या खात्यात रक्कम दिसली की लोक घाबरतात आणि ताळा त्यामुळेच चुकला असे समजतात. ज्या नोंदीची दुसरी बाजू ठरवलेली नाही ती तिथे जाऊन बसते, एवढेच. ते खाते रिकामे करायला हवे, पण बँकेच्या शिल्लकीतल्या फरकाशी त्याचा संबंध नाही. खर्च किराण्याला लावला काय नि प्रवासाला लावला काय, बँकेतून गेलेली रक्कम तीच राहते.

आता मुख्य गोष्ट. बी.कॉम. झाल्यावर पहिली तीन वर्षे मी मंगळ बाजारातल्या एका कापडाच्या पेढीवर नामुं, म्हणजे हिशेबाच्या वह्या, लिहायला होते. तिथले मेहताजी, म्हणजे मुख्य हिशेबनीस, तेरीज (सगळ्या खात्यांची बेरीज) चुकली की वही चाळायला बसत नसत. शिसपेन्सिलीने चिठ्ठीवर फरकाचा आकडा लिहीत, शेजारी वही जास्त की बँक जास्त ते लिहीत, मग तो आकडा आधी दोनाने भागत, मग नवाने. बहुतेक वेळा चिठ्ठी भरायच्या आत नोंद सापडायची. मी आजही याच क्रमाने जाते; फक्त तिसरा भाजक माझा आहे, १.१८.

दिशा आधी बघा, कारण तिने निम्मे काम होते. वहीतली शिल्लक बँकेपेक्षा जास्त असेल तर एखादा खर्च वहीत यायचा राहिला आहे, किंवा जमा दोनदा आली आहे. वही कमी असेल तर उलट: खर्च दोनदा पडला, किंवा जमा राहिली. एवढे ठरल्याशिवाय नोंदी बघायला लागू नका.

फरकाइतकीच रक्कम कुठे नोंदीत दिसते का ते पाहा. दिसली तर ती नोंद दोनदा आली आहे किंवा राहिली आहे. नाही दिसली तर दोनाने भागा. भागाकाराइतकी नोंद सापडली तर ती उलट्या बाजूला पडली आहे. परत केलेल्या कुर्त्याचे १,२०० रुपये जमा व्हायच्या जागी नावे, म्हणजे खर्चाच्या बाजूला, पडले, तर फरक २,४०० येतो.

मग नवाने. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरकाला नवाने निःशेष भाग जातो. १,८६३ च्या जागी १,६८३ लिहिले तर फरक १८०, म्हणजे ९ गुणिले २०. शेवटी एक शून्य जास्त पडले तरी नवाने भाग जातो, आणि त्यात फायदा असा की भागाकार हीच खरी रक्कम असते. पैशांचा बिंदू राहून ४५.०० चे ४,५०० झाले तर फरक ४,४५५. त्याला ९९ ने भागले की ४५ मिळतात. एक खबरदारी: दर नऊ आकड्यांमागे एकाला नवाचा भाग योगायोगानेही जातो. म्हणून भाग गेला की नोंद शोधा, पण सापडेपर्यंत तीच चूक आहे असे धरून बसू नका.

१.१८ का? बँकेच्या शुल्कावर १ जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी आहे. म्हणून बँकेने परस्पर कापलेली रक्कम बहुधा अशी असते की तिला १.१८ ने भागले तर गोल आकडा येतो. १७.७० म्हणजे १५, २३६ म्हणजे २००, ५९० म्हणजे ५००. एसएमएसचे शुल्क, डेबिट कार्डाची वार्षिक फी, दोन्ही याच घरातले. वही जास्त दाखवत असेल आणि फरक असा विचित्र पैशांत असेल, तर मी हे आधी करून बघते. स्टेटमेंटमधून नोंदी घेताना ही ओळ सहसा येतेच, पण पासबुक बघून हाताने लिहिणाऱ्यांची हमखास सुटते. बचत खात्याचे व्याजही असेच, बहुतेक बँका ते तिमाहीला जमा करतात, म्हणून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या अखेरीला वही कमी दिसली तर व्याजाची ओळ पाहा.

आता मेची गोष्ट. नणंदेच्या मेच्या ताळ्यात वही १,६६६ रुपयांनी कमी होती. तेवढी नोंद कुठेच नाही. निम्मे ८३३, तीही नाही. नवाने भाग जात नाही. १.१८ ने भलताच आकडा. असे सगळे भाजक हरले की समजायचे, चुका एकापेक्षा जास्त आहेत आणि एकमेकींत मिसळल्या आहेत. मग भागाकार सोडून महिनाच भागायचा.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये प्रत्येक ओळीपुढे त्या वेळची शिल्लक असते, ग्नूकॅशच्या खात्यातही शेवटच्या रकान्यात असते. आम्ही महिन्याच्या मध्यावर, १५ मेच्या दिवसअखेरीस दोन्ही शिलका ताडून पाहिल्या. दिवसअखेरीस म्हणते, कारण एकाच दिवसातल्या नोंदींचा क्रम दोन्हीकडे वेगळा असू शकतो. बँक दोन तारखा देत असेल, व्यवहाराची आणि मूल्याची (व्हॅल्यू डेट), तर कायम एकीलाच धरून चाला. १५ तारखेला फरक निघाला १,७४६. याला नवाने भागले: १९४. नणंद म्हणाली, "१९४ तर आईंच्या गोळ्यांचे." पहिला पंधरवडा ती आमच्याकडे माहेरी होती आणि हाताशी असलेल्या पासबुकावरून तिने नोंदी टाइप केल्या होत्या. ६ मेच्या ओळीत १,९४० लिहिले होते. तिनेच ती ओळ दोनदा टिक केली होती, कारण १, ९ आणि ४ हे अंक बघून डोळा पुढे सरकतो. शून्य खोडले, आणि पंधरा तारखेपर्यंत वही आणि बँक एक झाली.

राहिले ८०, आता उलट्या दिशेने: वही जास्त. निम्मे ४०. चाळीस रुपये म्हणजे तिची कामावर जाताना रोजची सेव-उसळ, हे मला फोनवरूनही सांगता आले असते. आम्हाला आधी वाटले की एखादी ४० ची नोंद जमेला पडली. तसे काही नव्हते. मग ओळी मोजल्या. महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये सेव-उसळीच्या दुकानाच्या अकरा ओळी, वहीत नऊ. १६ आणि १७ तारखेच्या दोन ओळी वहीत आल्याच नव्हत्या.

दर महिन्याला परत येणारे दुखणे हेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. इम्पोर्ट करताना ग्नूकॅश प्रत्येक नव्या ओळीसाठी वहीत आधीच असलेली नोंद शोधते, म्हणजे तोच व्यवहार दोनदा पडू नये. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळख नसते, म्हणून रक्कम, तारखेची जवळीक आणि वर्णन यांवरून ते अंदाज बांधते. ४० रुपये, त्याच दुकानाला, एक-दोन दिवसांच्या अंतराने: त्याला वाटते हा व्यवहार वहीत आहेच. नणंद दर पंधरवड्याला इम्पोर्ट करायची, आणि प्रत्येक वेळी नव्या फाइलच्या पहिल्या एक-दोन सेव-उसळी जुन्या फाइलच्या शेवटच्या सेव-उसळींना जोडल्या जायच्या. फेब्रुवारीत ४०, नंतर ८०. दूध, रिक्षा, पार्किंग, रोज तीच रक्कम त्याच माणसाला देणाऱ्या कुणाच्याही वहीत हे होऊ शकते.

उपाय सोपा आहे, फक्त घाई करायची नाही. इम्पोर्टच्या शेवटच्या खिडकीत प्रत्येक ओळीपुढे 'ए' आणि 'सी' असे रकाने असतात. 'ए'ची टिक म्हणजे नवी नोंद, 'सी'ची म्हणजे जुन्या नोंदीशी जोडली. 'ए' नसलेल्या ओळी तेवढ्या थांबून बघा; ओळीवर डबल क्लिक केले की ती कुठल्या नोंदीशी जोडली जात आहे ते दिसते. तारीख वेगळी असेल तर 'ए' करा. मी नणंदेला आता पंधरवड्याऐवजी महिन्यातून एकदाच, १ तारखेपासून अखेरपर्यंतची फाइल घ्यायला सांगितले आहे, आणि इम्पोर्ट संपल्यावर स्टेटमेंटच्या ओळी नि वहीच्या ओळी मोजायला. मोजायला दोन मिनिटे लागतात.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे स्वतःच्याच दोन खात्यांतली देवघेव. बचत खात्यातून क्रेडिट कार्डाचे १५,००० भरले. बचत खात्याची फाइल घेतली तेव्हा नोंद झाली. चार दिवसांनी कार्डाची फाइल घेतली, तिथे तीच रक्कम दोन दिवस उशिराच्या तारखेने 'पेमेंट मिळाले' म्हणून आली आणि नवी नोंद म्हणून पुन्हा पडली. आता बचत खाते १५,००० ने कमी आणि कार्डही १५,००० ने चुकलेले. दोन खात्यांत एकच फरक दिसला की समजा हेच आहे, आणि दोन्हींपैकी एक नोंद काढा. वारंवार होत असेल तर 'वाटेतली रक्कम' असे एक खाते उघडा. बचत खात्यातून निघालेली रक्कम तिथे, कार्डात पोचलेली तिथून. महिनाअखेरीला ३१ ला निघून २ ला पोचणारी रक्कम मग कुठल्याही खात्याला त्रास देत नाही, आणि त्या खात्यात चार दिवसांहून जास्त काही पडून राहिले तर लगेच नजरेत भरते.

बँकेकडून उतरवलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका, निदान उघडली तर सेव्ह करू नका. यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा अंकी असतो. एक्सेल तो ४.१२ ई अधिक ११ अशा रूपात दाखवते आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना दाखवलेलेच लिहिते, म्हणजे अंक गेले ते गेले. तारखांचे आणखी वाईट. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०३/०४ ची ४ मार्च होते, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र जशाच्या तशा राहतात, त्यामुळे अर्धा महिना बरोबर आणि अर्धा विखुरलेला. वही उघडल्यावर पुढच्या महिन्यांतल्या तारखांच्या नोंदी दिसल्या तर हेच झाले आहे. एक्सेलऐवजी लिब्रेऑफिसमध्ये उघडताना तारीख आणि क्रमांक या रकान्यांना 'टेक्स्ट' निवडा. ग्नूकॅशच्या खिडकीत दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडा आणि ती मांडणी नाव देऊन जपून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा ठरवावे लागत नाही.

रिकन्साइलची खिडकी उघडताच वरची सुरुवातीची शिल्लकच बँकेशी जुळत नसेल, तर या महिन्याच्या नोंदी शोधण्यात वेळ घालवू नका. सुरुवातीची शिल्लक म्हणजे आधी पक्क्या झालेल्या, 'वाय' खुणेच्या नोंदींची बेरीज. ती बदलली याचा अर्थ कुणीतरी जुनी पक्की नोंद बदलली किंवा पुसली. गेल्या महिन्याची राखून ठेवलेली प्रत उघडा आणि दोन्हींची शिल्लक महिन्यामहिन्याने ताडा. मुलाने लॅपटॉपवर खेळताना एक ओळ पुसली होती, असे माझ्याकडे एकदा झाले आहे.

आता एक गोष्ट जी ताळ्याची नाही, पण ताळा जुळवताना लोक करतात आणि माझा जीव तुटतो. बँक फक्त पासवर्ड लावलेली पीडीएफ देते, म्हणून लोक ती एखाद्या फुकट साइटवर टाकतात, पासवर्डही तिथेच टाइप करतात आणि एक्सेल करून घेतात. नाव, पत्ता, खाते क्रमांक, वर्षभर कुणाला किती दिले, सगळे एका अनोळखी जागी दिले. ज्या खाजगीपणासाठी ग्नूकॅश घेतले तो एका क्लिकमध्ये गेला. आधी नेट बँकिंगमध्ये नीट शोधा, बहुतेक ठिकाणी एक्सेल किंवा सीएसव्ही उतरवायची सोय असते, फक्त जरा आत असते. खरोखर नसेल तर टॅब्युला नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते पीडीएफमधले तक्ते आपल्याच संगणकावर काढून देते, फाइल बाहेर जात नाही. पासवर्ड काढायला क्यूपीडीएफ आहे, तेही आपल्याच संगणकावर चालते.

आणि वहीची फाइलही उघडी असते हे लक्षात असू द्या. ग्नूकॅश स्वतः पासवर्ड किंवा कूटलेखन (एन्क्रिप्शन) देत नाही. शिवाय ते दर वेळी सेव्ह करताना त्याच फोल्डरमध्ये तारीख-वेळ घातलेल्या प्रती आणि लॉग फाइल ठेवते, त्या प्रतींतही सगळे असतेच. तुम्ही मुख्य फाइल लपवली आणि त्या प्रती कुठल्याशा ऑनलाइन फोल्डरमध्ये आपोआप चढत राहिल्या, तर काय उपयोग? मी पूर्ण फोल्डरच व्हेराक्रिप्टच्या, म्हणजे फाइली पासवर्डने बंद करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कुलपात ठेवते. ताळा जुळला की इम्पोर्ट केलेल्या सीएसव्ही आणि पीडीएफ डाउनलोड्समधून काढून त्याच कुलपात टाकते, आणि ३१ मार्चची एक प्रत पेनड्राइव्हवर. दोन संगणकांवर एकच फाइल एका वेळी उघडू नका. आधीच कुणी उघडली असेल तर ग्नूकॅश कुलूप-फाइलमुळे इशारा देते, तो इशारा बाजूला सारून 'तरीही उघडा' करू नका, नाहीतर दोनपैकी एकीच्या नोंदी जातील.

पासवर्ड मात्र फक्त डोक्यात ठेवू नका. कुलपाचा पासवर्ड विसरला तर व्हेराक्रिप्टमधली वही कुणालाच उघडून देता येत नाही. मी माझा एका कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या पावत्यांच्या पाकिटात ठेवला आहे. तो तिथे आहे हे माझ्या यजमानांना आणि नणंदेला माहीत आहे.